आई-वडिलांसाठी केअर सेंटर निवडताना: सांगली-मिरजेतून वारंवार येणारे प्रश्न

मिरजेत बरीच वर्षं वॉर्डात सिस्टर म्हणून काम केलं. निवृत्त झाल्यावर ओळखीपाळखीचे लोक फोन करून विचारू लागले, "सिस्टर, आईला कुठं ठेवू? दोन ठिकाणं बघितली, दोन्ही चांगली वाटतात." तेच तेच प्रश्न येत राहिले म्हणून उत्तरं इथं एकत्र लिहिली आहेत. कुठल्याही केंद्राचं नाव घेतलेलं नाही. कारण माणसं बदलली की सेवा बदलते, आणि गेल्या वर्षी चांगलं असलेलं ठिकाण यंदा तसंच असेल असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. कसं बघायचं तेवढं सांगते.

1. वृद्धाश्रम, नर्सिंग होम आणि केअर सेंटर यांत फरक काय?

वृद्धाश्रम हिंडत्या-फिरत्या माणसांसाठी. राहणं, जेवण, सोबत. स्वतःची आंघोळ, संडास स्वतः करता येणाऱ्यांनाच बहुतेक वृद्धाश्रम घेतात. आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की खाजगी छोटा दवाखाना. केअर सेंटर या दोन्हींच्या मधलं: पडून असलेली, नळी लावलेली, पक्षाघात झालेली, विसर पडणारी माणसं महिनोन्‌महिने तिथं राहतात.

पाटीवर मात्र जाऊ नका. 'वृद्धाश्रम' लिहिलेल्या ठिकाणी पाच खाटांवर पडून असलेले रुग्ण मी पाहिले आहेत आणि त्यांना बघायला शिकलेली एकही सिस्टर नव्हती. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, 1949 असा कायदा आहे. आजारी, जखमी किंवा दुर्बल माणसांना ठेवून घेऊन जिथं उपचार आणि शुश्रूषा होते, त्या जागा त्यात येतात. तुमच्या माणसाला नळी, जखम, ऑक्सिजन यातलं काही असेल तर नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवा म्हणा. संस्था ट्रस्टची असेल तर धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणीही विचारा. कागद भिंतीवर लावलेला असला तर मुदत वाचा.

2. सरकार या केंद्रांना काही ग्रेड किंवा तारे देतं का? इंटरनेटवरचे तारे बघून ठरवलं तर चालेल का?

आपल्याकडे तसे सरकारी तारे नाहीत. अमेरिकेत 2008 पासून तिथलं सरकार प्रत्येक नर्सिंग होमला एक ते पाच तारे देतं. ते तीन गोष्टींवरून ठरतात: तपासणीत काय सापडलं, माणसामागे कर्मचारी किती, आणि राहणाऱ्यांची तब्येत कशी आहे, म्हणजे जखमा, पडणं वगैरे. तारे नसले तरी या तीन गोष्टी आपण आपल्या डोळ्यांनी बघू शकतो. पुढचे 4, 5 आणि 6 हे प्रश्न त्यासाठीच आहेत.

इंटरनेटवरचे तारे बहुतेक वेळा भेटायला आलेल्या नातेवाइकांचे असतात. बाग छान, स्टाफ गोड बोलतो, एवढंच त्यातून कळतं. पडून असलेली माणसं तारे देत नाहीत. वाईट शेरे मात्र जरूर वाचा. एकच तक्रार वेगवेगळ्या लोकांनी केली असेल, तर भेटीत तीच गोष्ट आधी तपासा.

3. बघायला जाण्याआधी घरी काय तयारी करू?

एका कागदावर आपल्या माणसाचा दिवस लिहून काढा. उठायला किती माणसं लागतात, घास भरवावा लागतो का, गिळताना ठसका लागतो का, लघवी कळते का, रात्री किती वेळा उठतात, औषधं कोणती. हा कागद हातात असला की "सगळं करतो आम्ही" या उत्तरावर थांबावं लागत नाही. एकेक ओळ वाचून विचारता येतं, हे कोण करणार आणि किती वाजता?

4. पहिल्या भेटीत नेमकं काय बघू?

न सांगता जा. सकाळी अकराची वेळ टाळा, तेव्हा आंघोळी उरकून सगळे नीटनेटके बसलेले असतात. दुपारी तीनला किंवा संध्याकाळी सातनंतर गेलात तर खरं चित्र दिसतं. आत सोडत नसतील तर कारण विचारा. "साहेब नाहीत" हे कारण चालणार नाही.

आत गेल्यावर मी आधी वास घेते. नुकतीच कुणाला संडास झाली असेल तर वास येणारच, त्यात काही चूक नाही. पण गादीत, पडद्यात मुरलेला लघवीचा वास असला तर डायपर वेळेवर बदलत नाहीत असं समजा. फिनेलचा घमघमाटही मला खटकतो.

मग माणसांकडे बघा. नखं कापलेली आहेत का. ओठ कोरडे, जीभ पांढरी आहे का, कारण तोंड पुसायला पाच मिनिटं लागतात आणि घाईत पहिलं तेच सुटतं. कवळी तोंडात आहे की डब्यात. चष्मा पुसलेला आहे का. अंगावरचे कपडे त्यांचेच आहेत का.

पाण्याचा तांब्या कुठं आहे तेही बघा. एका केंद्रात दुपारी एका आजींच्या उशाशी टेबलावर चहाचा स्टीलचा पेला ठेवलेला होता. भरलेला, वर साय धरलेली. आजींचा उजवा हात पक्षाघातानं गेलेला आणि टेबल उजव्याच बाजूला. चहा दिल्याची नोंद वहीत होती. त्या केंद्रात फरशी आरशासारखी होती, तरी मी तिथं कुणाला पाठवलं नाही.

मावश्या, म्हणजे देखभालीला ठेवलेल्या बायका, राहणाऱ्यांशी कसं बोलतात तेही ऐका. "आज्जी, कूस बदलूया हं" म्हणून हात लावतात, की न बोलता पोतं सरकवावं तसं सरकवतात? शेवटी, बेल किंवा हाक मारल्यापासून कुणी येईपर्यंत घड्याळ लावा.

5. किती मावश्या, किती सिस्टर असायला हव्यात? ते म्हणतात स्टाफ भरपूर आहे.

दिवसाचा आकडा कुणीही सांगतो. तुम्ही रात्रीचा विचारा: रात्री आठ ते सकाळी आठ नेमकी किती माणसं जागी असतात, आणि पूर्ण पडून असलेले किती आहेत?

हिशेब घरीच करता येतो. पडून असलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. आठ जण पडून असतील तर बारा तासांत 48 वेळा. नीट उचलून, ओढाताण न करता कूस बदलायची, डायपर बघायचा, तर दोन माणसं आणि आठ-दहा मिनिटं लागतात. म्हणजे दोघींचे दर दोन तासांतले तास-सव्वा तास यातच जातात. तिथं एकच मावशी असेल आणि तिनं दिवसाची ड्युटीही केलेली असेल, तर ते काम होणार नाही. त्यात तिचा दोष नाही, ते एका माणसाकडून होण्यासारखंच नाही.

आणखी दोन गोष्टी विचारा. मावश्या किती दिवसांपासून आहेत? दर दोन महिन्यांनी चेहरे बदलत असतील तर पगार किंवा वागणूक यात कुठंतरी पाणी मुरतंय. आणि बायकांच्या वॉर्डात रात्री बाईमाणूसच असतं का? मिरजेला दवाखान्यांचं गाव म्हणतात. 1894 मध्ये मिशनरी डॉ. वॉनलेस यांनी इथं दवाखाना सुरू केला तेव्हापासूनची ती ओळख आहे. डॉक्टर हाकेच्या अंतरावर असतात. कमी पडतात ते रात्रीचे हात.

6. बेडसोर म्हणजे काय? ते झाले म्हणजे काळजी घेतली नाही असंच समजायचं का?

एकाच जागी दाब पडून त्वचेचा आणि आतल्या मांसाचा रक्तपुरवठा थांबतो आणि जखम होते. माकडहाड, टाचा, खुब्याची हाडं, कोपर, डोक्याची मागची बाजू या जागा. सुरुवातीला फक्त लाल चट्टा दिसतो. बोटानं दाबा. दाबल्यावर पांढरट होऊन पुन्हा लाल झाला तर ठीक. दाबूनही लालच राहिला तर जखमेची सुरुवात आहे. आपल्या सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही. तिथं हात लावून बघा: जागा आजूबाजूपेक्षा काळपट, गरम, टणक किंवा पिचपिचीत लागते.

सगळे बेडसोर निष्काळजीपणाचे नसतात. अगदी शेवटच्या आजारात, रक्तदाब खाली गेलेला, अन्न पोटात जात नाही, अशा वेळी सगळं करूनही जखम होते. पण असे प्रसंग थोडे. चालता-बोलता दाखल झालेल्या माणसाला महिन्याभरात माकडहाडाशी भोक पडलं, तर जाब विचारायचाच.

माझ्या सख्ख्या आत्यालाच हे झालं. मी नर्स असून. केंद्रात तिला एअर बेड, म्हणजे मोटरनं हवा भरत राहणारी गादी, दिलेला होता, त्याचं वेगळं भाडंही आम्ही भरत होतो. एका संध्याकाळी गेले तर गादी हाताला चपटी लागली. मोटरची वायर प्लगमधून काढून तिथं कुणाचा तरी मोबाइल चार्जिंगला लावलेला होता. टाच उचलून बघितली तर रुपयाएवढा जांभळा फोड. तेव्हापासून मी कुणालाही भेटायला गेले की आधी पायांवरचं पांघरूण काढते.

केंद्र निवडताना विचारायचं ते असं: सध्या किती जणांना बेडसोर आहेत, त्यातले किती बाहेरून घेऊन आले आणि किती इथं झाले? चांगलं केंद्र वही उघडून सांगतं. "आमच्याकडे कुणालाच होत नाहीत" म्हणणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही. कूस बदलण्याचा तक्ताही मागा. सगळ्या वेळा एकाच पेनानं, एकाच अक्षरात, 10, 12, 2, 4 अशा सरळ लिहिलेल्या असतील तर त्या सकाळी एकदम भरलेल्या आहेत.

7. जेवणाचा मेनू छान दाखवतात. खरं कसं कळणार?

वजनावरून. दर महिन्याला वजन करून लिहितात का ते विचारा, आणि पडून असलेल्यांचं कसं करतात तेही. काही प्रयत्न न करता महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के वजन उतरलं तर ते गंभीर मानतात. म्हणजे 50 किलोच्या आईचं महिन्यात अडीच किलो. वजन करायची सोय नसेल तर दंडाचा घेर टेपनं मोजून लिहिता येतो.

मेनूत पनीर असण्यापेक्षा भाकरी आमटीत कुस्करून, मऊ करून, घास गिळेपर्यंत थांबून कोण भरवतं हे महत्त्वाचं. जत-आटपाडीकडच्या म्हाताऱ्या माणसाला आयुष्यभर ज्वारीची सवय, त्याला रोज पोळी दिली तर तो अर्धी टाकून देतो. ज्वारीच्या कण्या ताकात शिजवून देता का, विचारून बघा. नाकातून नळीनं भरवत असतील तर डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश वर हवी आणि भरवल्यावर अर्धा ते एक तास तशीच ठेवायची, नाहीतर अन्न फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. नळीवाल्या रुग्णाला सपाट झोपवून भरवताना दिसलं तर दुसरं काही बघत बसू नका, निघा.

8. "डॉक्टर ऑन कॉल आहेत" म्हणजे काय समजू?

फोन उचलणारे डॉक्टर आहेत, एवढंच. विचारा: ठरलेल्या दिवशी येऊन तपासतात का, ते लिहून ठेवतात का, रात्री दोन वाजता ताप चढला तर कोण ठरवतं, अॅम्ब्युलन्स कुणाची, दवाखाना कोणता, सोबत कोण जातं, आणि नातेवाईक पोचेपर्यंत अनामत कोण भरतं. शेवटच्या दोन प्रश्नांवर बऱ्याच ठिकाणी अडतं. उत्तर करारात लिहून घ्या. लघवीची नळी असेल तर ती कधी बदलली ती तारीख पिशवीवर किंवा चार्टवर दिसायला हवी, आणि पिशवी जमिनीला न टेकता कमरेच्या खाली लटकलेली हवी.

9. महिन्याचा आकडा एकाकडे कमी, दुसऱ्याकडे जास्त. तुलना कशी करू?

दोघांकडून गेल्या महिन्याचं कुणाचंही खरं बिल मागा, नाव झाकून. पॅकेजच्या बाहेर काय जातं ते त्यात दिसतं: डायपर, हातमोजे, एअर बेडचं भाडं, ऑक्सिजन, ड्रेसिंग, फिजिओथेरपी, औषधं, स्पेशल मावशी. डायपर किती लागले आणि बिलात किती लावले हे दर आठवड्याला मोजता आलं पाहिजे. स्वतः आणून दिलेले चालतील का, हेही विचारा. अनामत किती दिवसांत परत, आणि मधेच दवाखान्यात हलवलं तर त्या दिवसांचे पैसे घेणार का, हे आधीच ठरवा.

जीएसटीबद्दल विचारणारे बरेच असतात. प्राप्तिकराखाली धर्मादाय म्हणून नोंदलेल्या संस्थेच्या वृद्धाश्रमात 60 वर्षं किंवा त्यावरील व्यक्तीसाठी राहणं, जेवण, देखभाल धरून महिना 25,000 रुपयांपर्यंतच्या आकाराला जीएसटीतून सूट दिलेली आहे. अशा संस्थेनं त्या मर्यादेत बिल करून वर कर लावला असेल तर विचारणा करा.

10. आयुष्मान कार्डात हा खर्च बसतो का?

नाही. 2024 च्या ऑक्टोबरपासून 70 वर्षं आणि त्यावरच्या सगळ्यांना उत्पन्नाची अट न ठेवता वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण मिळतं, पण ते दवाखान्यात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी. केंद्रातल्या राहण्याला, मावशीला ते लागू नाही. तरी कार्ड काढून त्याची प्रत केंद्रात ठेवा, रात्री हलवायची वेळ आली की शोधाशोध होत नाही.

11. वडिलांना डिमेन्शिया आहे. तिथं माणसांना खाटेला बांधतात असं ऐकलं, खरं का?

काही ठिकाणी बांधतात, आणि दुसऱ्या काही ठिकाणी बांधायची गरज पडू नये म्हणून झोपेच्या गोळ्या देतात. दुसरं मला जास्त घातक वाटतं, कारण ते दिसत नाही. दिवसा अकरा वाजता हॉलमधली सगळी माणसं माना टाकून बसलेली असतील तर औषधांची यादी मागा. गुंगीच्या गोळ्यांनी म्हातारी माणसं पडतात, खुबा मोडतो, जेवण सुटतं. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 नुसार मानसोपचाराच्या संस्थेतसुद्धा तातडीचा धोका टाळायला दुसरा उपाय नसेल तरच, मानसोपचारतज्ज्ञांच्या परवानगीनं बांधता येतं. शिक्षा म्हणून किंवा स्टाफ कमी म्हणून बांधायला मनाई आहे.

ज्यांना भटकायची सवय आहे त्यांच्यासाठी बंद अंगण, फिरायला वाट, दाराला आवाज करणारी घंटी हवी. संध्याकाळी बेचैनी वाढते, त्या वेळी कोण असतं ते बघा. वडील शेतकरी होते, शिक्षक होते, काय बोललं की शांत होतात, हे केंद्रानं स्वतःहून विचारलं तर ते ठिकाण लक्षात ठेवा.

12. सांगलीत पुराचं काय? हे कुणी विचारतं का?

फार थोडे विचारतात, आणि विचारायलाच हवं. 2005, 2019, 2021 असे तीन मोठे पूर आपण पाहिले. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी 45 फूट ही धोक्याची पातळी आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या पुढे गेलं होतं. गावभाग, सांगलीवाडी, शामरावनगर या बाजूचं केंद्र असेल तर 2019 मध्ये पाणी कुठवर आलं होतं ते शेजारच्या दुकानदाराला विचारा. हिंडता-फिरता माणूस पाणी चढल्यावर निघू शकतो. पडून असलेल्याला ते जमत नाही, त्याला आधीच हलवावं लागतं.

केंद्रानं सांगायला हवं: पाणी किती फुटांवर गेलं की हलवायला सुरुवात करता, कुठं नेता, गाडी कुणाची ठरलेली आहे. "वरच्या मजल्यावर नेतो" हे उत्तर अपुरं आहे. लिफ्ट आणि वीज दोन्ही जातात, मग ऑक्सिजनचं मशीन आणि एअर बेडची मोटर कशावर चालणार? जनरेटर तळमजल्यावर आहे का, तेही बघून या.

13. मी पुण्यात असतो, महिन्यातून एकदाच येणं होतं. लांबून लक्ष कसं ठेवू?

व्हिडिओ कॉल स्वतः ठरवून दिलेल्या वेळी करू नका, वेगवेगळ्या वेळी करा. फक्त चेहरा बघून फोन ठेवू नका. "मावशी, जरा टाच दाखवा, तोंड उघडायला सांगा" असं म्हणा, लाजू नका. दर आठवड्याला चार्टचा फोटो मागवा. गावातल्या एखाद्या मावसभावाला, जुन्या शेजाऱ्याला अवेळी जायला सांगा. ज्या माणसाकडे कुणीतरी येतं-जातं, त्याच्याकडे जास्त लक्ष जातं, हे मी वॉर्डातही पाहिलं आहे. सीसीटीव्ही असला तर बरंच, पण तो खोलीच्या दाराकडे असतो. डायपर कोरडा आहे का हे त्यात दिसत नाही, आणि आंघोळीच्या, कपडे बदलण्याच्या जागी तो असूही नये.

14. आई रोज "मला घरी ने" म्हणते. तिथं त्रास होतोय की घरची आठवण, कसं ओळखू?

या प्रश्नानं माझ्याही पोटात कालवतं. पहिले काही आठवडे बहुतेक सगळेच असं म्हणतात. शब्दांपेक्षा अंगाकडे बघा. वजन टिकून आहे, झोप लागते, मावशीला नावानं हाक मारते, तर घरची ओढ आहे असं समजा. पण ठरावीक माणूस खोलीत आला की गप्प होते, अंग चोरते, दंडावर बोटांचे वळ दिसतात, "कुणाला सांगू नको" म्हणते, तर त्याच दिवशी पावलं उचला. वळांचे फोटो तारखेसह काढा आणि बाहेरच्या डॉक्टरांना दाखवून लिहून घ्या.

15. तक्रार कुठं करायची? केली तर आईचे हाल करतील अशी भीती वाटते.

भीती खोटी नाही. म्हणून आधी चालकांना लेखी द्या, पोच घ्या आणि त्या आठवड्यात रोज कुणीतरी जा. दखल घेतली नाही तर 14567 ही ज्येष्ठ नागरिकांची हेल्पलाइन सकाळी 8 ते रात्री 8 चालू असते. नोंदणी असलेल्या शुश्रूषागृहाची तक्रार महापालिका हद्दीत पालिकेच्या आरोग्य विभागाकडे, बाहेर जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. ट्रस्टच्या कारभाराबद्दल धर्मादाय कार्यालयात. मारहाण असेल तर थेट पोलिसांत. प्रश्न 14 मध्ये सांगितलेले फोटो इथं उपयोगी पडतात.

16. भाऊ खर्चाला हात लावत नाही. काही करता येतं का?

2007 च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक पालनपोषण व कल्याण अधिनियमाखाली आई-वडील स्वतः, किंवा त्यांना शक्य नसेल तर त्यांच्या वतीनं दुसरी व्यक्ती किंवा संस्था, न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकते. प्रांत कार्यालयात चौकशी करा. मुलगा, मुलगी, सज्ञान नातू-नात यांच्यावर जबाबदारी टाकता येते. मूळ कायद्यात निर्वाह रकमेची कमाल मर्यादा महिना 10,000 रुपये आहे.

17. आत्याला मूलबाळ नाही. तिचं घर भाच्यांना मिळणार, पण खर्च मीच करते.

याच कायद्यात निपुत्रिक ज्येष्ठांसाठी तरतूद आहे. ज्याच्या ताब्यात त्यांची मालमत्ता आहे किंवा ज्याला ती वारशानं मिळणार आहे, त्या नातेवाइकावर सांभाळाची जबाबदारी येते. असे अनेक असतील तर ज्याला जेवढा वाटा मिळणार, त्या प्रमाणात. आणि "सांभाळीन" या अटीवर घर बक्षीसपत्रानं नावावर करून घेतलं आणि सांभाळलं नाही, तर ते हस्तांतरण रद्द ठरवून मागता येतं. अट कागदावर लिहिलेली असेल तर काम सोपं होतं. केंद्राच्या चालकांनी आत्याची कसलीही सही किंवा अंगठा कोऱ्या कागदावर घेऊ नये, हे दाखल करतानाच बजावा. दागिने आणि एटीएम कार्ड तिथं ठेवू नका.

18. दोन ठिकाणं सगळ्याच बाबतीत सारखी वाटली तर?

जवळचं निवडा. ज्या ठिकाणी तुम्ही कामावरून परतताना दहा मिनिटं डोकावू शकाल ते. विश्रामबागेत राहणाऱ्यानं थोडं स्वस्त म्हणून लांबच्या तालुक्यात ठेवलं की भेटी महिन्यावर जातात. शक्य असेल तर आधी पंधरा दिवसांसाठी ठेवा आणि त्या काळात एकदा रात्री नऊनंतर जाऊन या.

19. आईला एका केंद्रातून दुसरीकडे हलवतोय. निघताना काय घ्यायचं?

औषधांची चालू यादी आणि शेवटचा डोस किती वाजता दिला ते. महिन्यांच्या वजनाची नोंद, नळी बदलल्याची तारीख, ड्रेसिंगचा चार्ट, रिपोर्ट, कवळी, चष्मा, कानाचं मशीन, अनामतीची पावती. आणि गाडीत बसवण्याआधी तिथल्या सिस्टरसमोर आईला कुशीवर करून पाठ, माकडहाड, दोन्ही टाचा बघा. काही जखम असेल तर आकार लिहून दोघांच्या सह्या घ्या. नव्या ठिकाणी उतरवल्यावर तिथल्या सिस्टरसमोर पुन्हा हेच करा.